चावडीतला रेडिओ

माझी नात नेदरलँड्सला शिकते. विषयाचं नाव मला अजून नीट पाठ झालेलं नाही, पण साधारण असं की जगातल्या गरीब देशांत रेडिओ, टीव्ही, फोन, इंटरनेट नेल्यानं तिथल्या लोकांचं काय झालं. परवा रात्री अकराला तिनं एका जुन्या इंग्रजी पुस्तकाच्या पानाचा फोटो पाठवला. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ, आणि खाली प्रश्न : "आबा, हे नॉर्थ सातारा म्हणजे आपलंच का?"

आपलंच. आणि नुसतं आपलंच नाही, त्यातल्या एका गावात मी नऊ वर्षांचा पोरगा म्हणून हजर होतो. तिला फोनवर तुटक तुटक सांगितलं, पण समाधान झालं नाही. म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय. घरच्या मंडळींनी यातला काही भाग ऐकलेला आहे, सगळा नाही.

आधी त्या नावाचं. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिणेचं १९६० साली 'सांगली' झालं, उत्तरेचं नुसतं 'सातारा' राहिलं. माझा जन्म दक्षिणेतला, खानापूर तालुक्यातला. पण गावात शाळा धड नव्हती म्हणून आईनं मला पाठवलं तिच्या भावाकडे, उत्तरेतल्या खटाव तालुक्यात. मधे पाच-सहा कोसांचं अंतर आणि एक जिल्ह्याची हद्द. मामाचं गाव पूर्वी औंध संस्थानातलं. म्हणजे ज्या गावांना राजानं १९३९ सालीच पंचायतीचं स्वराज्य देऊन टाकलं होतं त्यांपैकी एक. त्यामुळे चावडीत जमून बोलायची, हात वर करायची सवय माणसांना होती. गावाचं नाव मात्र मुद्दाम घेत नाही, कारण पुढं येईल.

आता प्रयोग. १९५६ सालच्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, युनेस्कोच्या मदतीनं, आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांसाठी खास वीस कार्यक्रम केले. पुणे, नगर, नाशिक, कोल्हापूर आणि आमचा उत्तर सातारा. दर रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं एक मंडळ. त्याला एक अध्यक्ष आणि एक लिहिणारा. कार्यक्रम ऐकायचा, आणि रेडिओ बंद केल्यावर उठून जायचं नाही. बसून त्यावर बोलायचं. काय ठरलं, काय पटलं नाही, काय विचारायचं आहे ते कागदावर लिहून पुण्याला धाडायचं. निवडक प्रश्नांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

कल्पना मूळची कॅनडाची. तिथं १९४१ पासून शेतकरी बर्फाळ रात्री शेजाऱ्याच्या घरी जमून असंच रेडिओ ऐकत आणि वाद घालत. युनेस्कोला वाटलं, जिथं वाचता येणारे थोडे आणि खेडी पुष्कळ, अशा देशात हे चालतं का बघावं. आणि बघायला निवडलं मराठी मुलूख.

बघणारा माणूस कोण, हे मला नातीच्या पुस्तकामुळं आत्ता कळलं आणि मी चाट पडलो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं या प्रयोगाची पाहणी केली, तिचे प्रमुख होते पॉल न्यूराथ. व्हिएन्नाचे ज्यू. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया घेतल्यावर त्यांना पकडून दाखाऊच्या छळछावणीत टाकलं, मग बुखेनवाल्डला नेलं. सुमारे वर्षभरानं सुटले, स्वीडनमार्गे अमेरिकेला पोचले, आणि कोलंबिया विद्यापीठात त्या छावण्यांतल्या माणसांच्या समाजावरच प्रबंध लिहिला. तो पुस्तकरूपानं बाहेर आला २००५ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. असा माणूस आमच्या चावड्यांमधून माणसं एकमेकांशी कशी बोलतात हे मोजत होता. माझ्या डोळ्यांसमोर गोरा साहेब येत नाही, आमच्या गावात आलाही नसेल. पण त्यांच्या संस्थेची दोन पोरगेलेशी माणसं आली होती ती आठवतात. पाटलोण घातलेली, हातात कागदांची चळत. त्यांनी मामाला काही प्रश्न विचारले. कार्यक्रम संपल्यावर पुन्हा आली आणि पुन्हा बरेचसे तेच प्रश्न. मामा गोंधळला. म्हणाला, "सायेब, मागं सांगितलं त्येच सांगू, का आता कळलंय त्ये सांगू?" ते दोघं इतके हसले की मामाला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. सगळ्या पाहणीचं मर्म मामा एका वाक्यात बोलून गेला होता.

रेडिओ म्हणजे एक लाकडी खोकं, खाली बॅटरी. किल्ली लिहिणाऱ्या मास्तरांकडे. गावात वीज नव्हती. चावडीत एक कंदील, रेडिओसमोर मंडळाची माणसं अर्धगोल करून बसलेली, मागं बाकीचे, आणि ओट्याखाली आम्ही पोरं. एरवी त्याच खोक्यातून आम्ही गीतरामायण ऐकलेलं. ते १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि वर्षभर आठवड्याला एक गाणं असं चाललं. म्हणजे आमचं मंडळ बसत होतं तेव्हा ते शेवटाकडे आलं होतं. गदिमा माडगूळचे, आमच्याच माणदेशातले, याचा गावाला फार अभिमान. 'आपला मानूस रेडिवत ग्येला' असं म्हणत. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकरही पुणे केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात काम करत. त्यामुळे त्या खोक्यातून येणारी भाषा सगळीच पुणेरी नसायची, कधी कधी ओळखीची वाटायची. हे महत्त्वाचं. सरकारी माणूस सांगतो आणि आपला माणूस सांगतो यातला फरक खेड्याला पहिल्या वाक्यात कळतो.

विषय असायचे शेतीचे, जनावरांचे, आरोग्याचे, शाळेचे, गावच्या कारभाराचे. कार्यक्रम संपला की मास्तर रेडिओ बंद करत आणि क्षणभर नुसती शांतता. मग कुणीतरी खाकरे. पहिल्या दोन-तीन वेळा पाटीलच बोलले आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. पण पुढं पुढं रंग चढला. खताच्या खड्ड्यावरून एकदा असा वाद झाला की रात्री दहापर्यंत चावडी पेटलेली. मामा, ज्याला सही येत नव्हती, अंगठा उठवायचा, तो पाटलांना म्हणाला, "रेडिओ काय म्हनला त्ये तुमी नीट ऐकलं न्हाई." उभ्या जन्मात मामा पाटलांना असं बोलला नव्हता. पण त्या वाक्यात तो स्वतः बोलतच नव्हता ना! रेडिओ बोलत होता. ही त्या खोक्याची खरी ताकद मला फार उशिरा उमगली.

आता मामीचं.

मंडळात बायका नव्हत्या. आमच्या गावात एकही नाही. बंदी होती असं नाही, पण चावडीत बाई बसत नसे, विषय संपला. तरी त्या ऐकत असत. चावडीच्या मागच्या भिंतीला लागून एक बोळ होता. पाण्याची खेप मुद्दाम त्याच वेळेला काढून मामी आणि आणखी दोघी-तिघी तिथं थांबत. घागर कमरेवर, कान भिंतीला. मामीला घरी आल्यावर कार्यक्रम मामापेक्षा जास्त आठवत असे.

त्या वर्षी मामीच्या उजव्या पायाला नारू झाला होता. आजच्या पोरांना नारू ठाऊक नाही, म्हणून सांगतो. पायावर फोड येतो, आग होते, फोड फुटतो आणि त्यातून पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर येऊ लागतो, हात-दीड हात लांबीचा. काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. मधेच तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने आडवा. आमच्या दुष्काळी भागात पायऱ्यांच्या विहिरी. बायका पायऱ्या उतरून पाण्यात पाय घालून घागरी भरत. नारू झालेला पाय पाण्यात गेला की जंत पिल्लं सोडतो, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जातात आणि तेच पाणी लोक पितात. वर्षभरानं पुन्हा नारू. हे मी आज लिहितोय. तेव्हा गावात कुणी याला पापाचं फळ म्हणे, कुणी उष्णतेचं.

मामीला मात्र शंका होती. रेडिओवर पिण्याच्या पाण्याबद्दल काहीतरी ऐकल्यावर ती मामाला म्हणाली, "इहिरीच्या पान्यानं नारू व्हतो का, येवढं इचारा की म्हंडळात." मामा म्हणाला, "ह्ये काय चावडीत इचारायचं व्हय? बायकांच्या पायाचं!" मग तिनं मला गाठलं. मी तिसरीत, अक्षर बरं. तिनं पोस्टातून एक कार्ड आणवलं होतं. चुलीपाशी बसून तिनं सांगितलं आणि मी लिहिलं. मजकूर तीन ओळींचा : आमच्या गावात पुष्कळ जणींना नारू होतो, तो विहिरीच्या पाण्यानं होतो का, असेल तर काय करावं. खाली तिचं नाव. तिचं नाव कागदावर लिहिलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ती बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली.

कार्ड मास्तरांकडे द्यायचं होतं, मंडळाच्या कागदाबरोबर जावं म्हणून. मी ते दप्तरात घातलं. शाळेत गेलो आणि मास्तरांसमोर उभा राहिलो, पण कार्ड बाहेर काढलं नाही. वाटलं, शुद्धलेखन चुकलं असेल. वाटलं, मामाला कळेल. वाटलं, पोरं हसतील. रोज उद्या देऊ म्हणत एप्रिल संपला, कार्यक्रमही संपले. मामी दर गुरुवारी आणि रविवारी लंगडत बोळात उभी राहून तिच्या प्रश्नाचं उत्तर येतंय का ऐकत होती. मला तिनं एकदाच विचारलं, "दिलंस न्हवं?" मी हो म्हणालो.

असो. पुढचं सांगतो.

प्रयोगाचा निकाल काय लागला? न्यूराथ यांनी तुलनेसाठी काही गावं अशी घेतली होती जिथं रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, आणि काही अशी जिथं रेडिओच नव्हता. मंडळाच्या गावांत लोकांची माहिती लक्षात येण्याजोगी वाढली, बाकीच्या गावांत जेमतेम. म्हणजे नुसतं यंत्र नेऊन ठेवल्यानं फारसं काही होत नाही, त्याभोवती माणसं बसून बोलली तर होतं. त्यांनी असंही नोंदवलंय की काही गावांत हे मंडळ निवडून आलेल्या पंचायतीपेक्षा लवकर निर्णय घेऊ लागलं. हे वाचून मला आमच्या पाटलांचा चेहरा आठवला!

माझ्या वडिलांच्या गावी, दक्षिणेत, पंचायतीचा रेडिओ पुढं दोनेक वर्षांनी आला. तिथं मंडळ वगैरे काही नव्हतं. लोक येत, भजन ऐकत, बाजारभाव ऐकत, तंबाखू मळत आणि निघून जात. कुणीही कुणाला 'तुमी नीट ऐकलं न्हाई' म्हणालं नाही. न्यूराथ यांची आकडेमोड मी न वाचताच पाहिली होती, असं आता म्हणायला हरकत नाही.

पुढं १९५९ पासून ही मंडळं देशभर नेली. काही हजार झाली. कॅनडा आणि युनेस्को यांनी १९६४ च्या सुमारास हाच प्रयोग आफ्रिकेत घाना देशात केला. म्हणजे खटाव तालुक्यात जे झालं त्याची पुढची आवृत्ती घानात निघाली. पण इकडे हळूहळू सगळं विरलं. बॅटऱ्या संपल्या की लवकर येत नसत. सुरुवातीला जी देखरेख होती ती हजारो गावांना पुरणं शक्यच नव्हतं. आणि मग ट्रान्झिस्टर आला. १९६३ मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र झालं, आवाज अगदी आपल्या जवळचा झाला, पण तोवर रेडिओ चावडीतून उठून ज्याच्या त्याच्या घरात, मग शेताच्या बांधावर गेला होता. पोस्टात लायसन्सचे पैसे भरले की झालं. डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे आम्ही सगळे पुन्हा एकदा एका रेडिओभोवती गोळा झालो, घराबाहेर, थंडीत. त्यानंतर तसे नाही.

नातीच्या अभ्यासक्रमात पुढचा भाग मोठ्या मोठ्या अहवालांचा आहे. १९८० साली युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगानं सांगितलं की जगातल्या बातम्या श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतात, हे बदललं पाहिजे. त्या आयोगावर आपले बी. जी. वर्गीज होते, आणि कादंबरीकार मार्केझसुद्धा. अमेरिका त्या सगळ्या वादावर इतकी रागावली की १९८४ च्या अखेरीस युनेस्कोतून बाहेर पडली. त्याच सुमाराला दुसऱ्या एका आयोगानं, मेटलँड यांच्या, दाखवून दिलं की एकट्या टोकियोत अख्ख्या आफ्रिकेपेक्षा जास्त टेलिफोन आहेत. हे वाचताना मला हसू आलं. आमच्या भागात प्रतिसरकारच्या माणसांनी तारा तोडल्या होत्या, कारण त्या तारांवरून फक्त साहेब बोलत असे. आणि चाळीस वर्षांनी त्याच भागात आम्ही ट्रंककॉल लावून दिवस दिवस पोस्टात बसत होतो. मग १९८४ मध्ये सॅम पित्रोदांचं सी-डॉट निघालं, धुळीत आणि उन्हात वातानुकूलनाशिवाय चालणारी छोटी एक्स्चेंजं खेड्यात आली, पिवळे पीसीओ आले. तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे, मी लांबवत नाही.

पण वारणेबद्दल लिहायलाच हवं, कारण तिथं मी पुन्हा एकदा मागच्या बाकावर बसून तेच बघितलं. १९९८ साली केंद्र सरकारनं वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीच्या ७० गावांत संगणक न्यायचं ठरवलं. गावं कोल्हापूर आणि सांगली दोन्ही जिल्ह्यांतली. तेव्हा मी वाळवा तालुक्यात मास्तर होतो. देशविदेशातून लोक बघायला येत, 'वायर्ड व्हिलेज' म्हणत. उद्देश असा की शेतकऱ्याला पिकाचा सल्ला, बाजारभाव, दाखले सगळं गावातल्या केंद्रावर मिळावं. मीही एका रविवारी शाळेची पोरं घेऊन बघायला गेलो. तासभर बसलो. आलेल्या एकाही शेतकऱ्यानं पिकाचा सल्ला मागितला नाही. एकच प्रश्न : "माझा ऊस किती टन भरला, आन् बिल कवा?" संगणकानं उत्तर दिलं, चिठ्ठी छापून आली, माणूस समाधानानं गेला.

तेव्हा मला ते हास्यास्पद वाटलं होतं. एवढा मोठा हत्ती आणि काम मुंगीचं! आज तसं वाटत नाही. वजनाच्या काट्यावर पिढ्यान्‌पिढ्या फसवला गेलेला माणूस आधी वजनच विचारणार. त्याचा प्रश्न त्यानं स्वतः ठरवला होता, एवढंच. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधे मोबाईल देऊन पाहिले. तेच काम एसएमएसवर झालं, स्वस्तात आणि वेळेवर. त्यांच्यातले एक, केंटारो टोयामा, यांनी पुढं २०१५ साली पुस्तकच लिहिलं की यंत्र माणसांत आधीच असलेल्या इच्छेला आणि कुवतीला मोठं करतं, नसलेली निर्माण करत नाही. नातीनं त्याचाही फोटो पाठवलाय. न्यूराथ आणि टोयामा यांची भेट झाली असती तर बरंच बोलले असते.

नारूची गोष्ट राहिली. १९८३-८४ पासून सरकारनं नारू निर्मूलनाची मोहीम काढली. आम्हा मास्तरांनाही कामाला लावलं. घरोघर जाऊन विचारायचं, फडक्यानं पाणी गाळायला सांगायचं, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवायचे. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेली. कामाच्या निमित्तानं मामाच्या गावी गेलो. विहिरीला कठडा बांधून झाला होता. मामा गेलेला होता. मामीला मी सगळं समजावून सांगितलं, किडा, पिल्लं, पाणी, चक्र. सरकारी चित्रांचा तक्ताच होता हातात. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजी पान्यानंच. रेडिवनं तवा सांगितलंच न्हाई बग."

मी काही बोललो नाही. तक्त्याची गुंडाळी केली आणि पुढच्या घरी गेलो. देशातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. मामी ते ऐकायला नव्हती. तिचा पाय शेवटपर्यंत वाकडाच पडायचा.

नातीला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग अभ्यासू मुलीसारखं तिनं विचारलं, "आबा, मंडळांचे कागद कुठं ठेवलेत का? त्यात बायकांचे किती प्रश्न होते?" मला काय माहीत. मला एकाचं माहीत आहे, तो त्यात नव्हता.

कार्ड मी फाडलं नव्हतं, हे नक्की. तिसरीच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि ती पुस्तकं आईनं ट्रंकेत भरली होती. ती ट्रंक खानापूरच्या घरून विट्याला आणि विट्याहून सांगलीला आली, २००५ च्या महापुरात खालचा थर भिजला. गेल्या आठवड्यात माळ्यावरून काढून अर्धी उपसली. वरच्या अर्ध्यात नाही. खालच्या अर्ध्यातली पानं चिकटलेली आहेत, ती हळू सोडवायला लागतील, सूनबाई म्हणाली दिवाळीनंतर बघू. मिळालं तर नातीला फोटो पाठवीन. 'नारू' मधला 'रू' मी ऱ्हस्व काढला होता, ते अजून आठवतंय.